बिनकुलपाची पेटी

चाकूर
४ मार्च २०२५

लुंबिनीताई,

जयभीम. मी सत्यम, चाकूरचा. त्या वर्षीचा कबड्डीचा कॅप्टन. तुझ्या आईच्या चुलीपुढं बसून जी पोरं भाकरीची चळत बघता बघता संपवायची, त्यातला एक. नाव वाचून पत्र फाडायचं मनात आलं असेल तर फाड, पण आधी पुढची ओळ वाच.

मामा गेले. तुझे वडील, आम्हा सगळ्या पोरांचे मामा. परवा रविवारी सकाळी. छातीत कळ आली म्हणाले, भिंतीला टेकून बसले आणि तसेच राहिले. तुझ्या आईनं चहा गाळून आणेपर्यंत सगळं झालं होतं.

तुला कळवायला आम्ही काही कमी केलं नाही. जुना नंबर बंद लागतो. नांदेडला तुझ्या दवाखान्यात फोन केला, तिथल्या बाई म्हणाल्या, 'सिस्टर ड्युटीवर आहेत, निरोप देते.' दिला का नाही, त्यांनाच माहीत. सोमवारी दुपारी दोनपर्यंत तुझी वाट बघितली. शेवटी आईच म्हणाली, 'आता न्या. ती येत न्हाई.' रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माणसं लई आली, ताई. एक फौजदार, एसटीचे दोन कंडक्टर, खो-खोच्या त्या पोरी, ज्यांच्या पोरी आता खेळायला लागल्यात. एक जण तर हैदराबादहून रात्रभर गाडी चालवून आला. कॉलेजातून कुणी आलं नाही. न येऊ दे. कॉलेजच्या कागदावर मामा क्रीडा विभागातले शिपाई होते. मैदानावर चुन्याची फक्की मारायची, जाळी बांधायची, एवढंच त्यांचं काम. पण आपल्याकडं फिजिओ कुणी बघितला होता? घोटा मुरगळला की मामा, खांदा उतरला की मामा. डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायचे आणि पहिलं विचारायचे, 'रात्री काय जेवलास?' दुखतंय कुठं हे नंतर. पोरींना स्वतः हात लावायचे नाहीत. पोरींतल्याच एकीला पट्टी बांधायला शिकवली होती. ती बांधायची आणि मामा पाठमोरे उभे राहून चुका सांगायचे, 'टाचेपाशी सैल राहिली बघ.' न बघता त्यांना कसं कळायचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि ती पत्र्याची हिरवी पेटी. चिकटपट्ट्या, कापूस, बाम, त्यांची चष्म्याची डबी, घरचं औषध, सगळं तिच्यातच. कुलूप कधीच नव्हतं. 'कुलूप लावलं की पोरं दुखणं लपवतात,' म्हणायचे. ज्याला जे लागेल ते त्यानं न विचारता घ्यायचं.

नांदेडजवळ विष्णुपुरीला, विद्यापीठाच्या स्पर्धेत, २०१३ च्या ऑक्टोबरात काय झालं, ते तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिरूर अनंतपाळचा आपला हरिओम दीड किलोनं जास्त भरत होता. वजन पंच्याऐंशीच्या वर गेलं की कबड्डीच्या मॅटवर घेत नाहीत. पेटीत तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या होत्या, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या. तू तेव्हा नांदेडला नर्सिंग शिकत होतीस. आदल्या संध्याकाळी तूच मैदानावर येऊन मामांपाशी दिल्या होत्यास, आईकडं न्यायला. खाकी पुडीवर तुझ्या अक्षरात, 'आईच्या. रोज सकाळी एक.' त्यातल्या दोन हरिओमच्या पोटात गेल्या. वजन उतरलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सामन्यात तो मॅटवर पडला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. कॉलेजच्या चौकशी समितीपुढं मामा एवढंच बोलले, 'पेटी माझी हाय.' समितीनं लिहिलं, गोळ्या यांनीच दिल्या. नोकरी गेली. तू लातूरला येऊन त्यांना एकच विचारलंस, 'तुम्ही दिल्या का?' त्यांनी तुलाही तेच सांगितलं, पेटी माझी हाय. त्या दिवसापासून तू त्या घरात पाऊल ठेवलं नाहीस.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. पुडीवर तुझं अक्षर होतं, तुला किती लागलं असेल हे मला कळतं. पण झालं ते झालं. अशी चूक कुणाच्याही हातून होते. माणूसच राहिला नाही, आता त्याला माफ करून टाक.

सोळा तारखेला, रविवारी, मामांचं पुण्यानुमोदन आहे. बापासाठी नाही तर आईसाठी ये. ती दाराकडं तोंड करून बसते, उठवलं तरी परत तिथंच बसते. हे पत्र तिनंच मला लिहायला लावलंय.

तुझा
सत्यम


लातूर
९ मार्च २०२५

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात मी तुला मामांना माफ करायला सांगितलंय. ते वाक्य माझ्या हातून उतरलंच कसं, याची मला लाज वाटते. अक्षर लागलं नाही तर जुळवून घे.

आज दुपारी शरणम्मा आली. हरिओमची आई. शिरूरहून एसटीनं, एकटी. दारात बाया बसल्या होत्या. ज्याच्यामुळं हिचं पोरगं गेलं त्याच्या घरी ही कशाला आली, आता काय बोलते, हेच सगळ्यांच्या तोंडावर. ती सरळ तुझ्या आईपाशी जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. निघताना मला म्हणाली, 'तम्मा, स्टँडवर सोडतोस का?' पोरांना ती तम्माच म्हणते, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

गाडीवर सोडलं. शिरूरच्या एसटीला वेळ होता म्हणून बाकड्यावर बसलो. मी पाण्याची बाटली आणली, ती तिनं घेतली नाही. माझ्याकडं न बघता म्हणाली, 'आता तरी बोलशील का, तम्मा?'

'काय बोलू, आई?'

'गोळ्या तू दिल्या ते.'

ताई, समोर एक कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडून राहिला होता, तेवढंच ऐकू येत होतं. मी म्हणालो, 'कोण म्हणतं असं?' बघ, तेव्हासुद्धा माझ्या तोंडातून हेच आलं.

'हरिओम म्हणला,' ती म्हणाली. 'पहिल्या रात्री शुद्धीवर होता. मामाला काय बोलू नगा, सत्यमनं दिल्या, मीच मागितल्या, म्हणला. जाताना पोरगं आईपाशी खोटं बोलंल का?'

तिला समितीपुढं जायचं होतं. मामांनी दवाखान्याच्या जिन्यात तिचे पाय धरले. 'अक्का, तुझं एक गेलं. आता दुसऱ्याच्या घरचं घालवू नगं. वीस वर्षांचं पोर हाय, त्याला कळलं न्हाई.' तिनं ऐकलं. का ऐकलंस, मी विचारलं. म्हणाली, 'तुझ्यासाठी न्हाई ऐकलं. त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं.'

म्हणजे दोघांनाही अकरा वर्षं ठाऊक होतं. दर दिवाळीला मी मिठाईचा पुडा घेऊन शरणम्माकडं जायचो, हरिओमच्या फोटोपुढं हात जोडायचो, ती मला ताट वाढायची. ठाऊक असून वाढायची. मी क्रीडाशिक्षक झालो तसं मामांना चाकूरला आमच्या शाळेच्या पोरांसाठी मीच बोलावून घेतलं. लोक म्हणायचे, सत्यमनं म्हाताऱ्याला सांभाळलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. आणि मामा माझ्यासमोर खाली बसून पोरांचे पाय मांडीवर घ्यायचे, पट्ट्या बांधायचे, मला म्हणायचे, 'सर, कात्री द्या.' सर म्हणायचे मला.

आता ऐक. गोळ्या मी दिल्या. आम्हाला उतरायला दिलेल्या हॉलमध्ये, संध्याकाळी, मामा बर्फ आणायला गेले होते तेव्हा. माझी आज्जी साखराबाई तीच गोळी घ्यायची, त्यामुळं मला नाव माहीत होतं, आणि आमच्याकडचे पैलवान वजन उतरवायला घेतात हेही माहीत होतं. पेटी उघडली, पुडी सोडली, दोन काढून दिल्या. पुडीवरचं अक्षर तुझं आहे हे मी वाचलं होतं. सकाळी वजनाला रांगेत उभं असताना मामांनी हरिओमच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि विचारलं, 'काय घेतलं का रे?' त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, 'न्हाई मामा. पहाटे पळाला, रेनकोट घालून.' मामा माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, 'बरं.'

समितीत मलाही बोलावलं होतं. मला एकच विचारलं, 'तुमच्या देखत दिल्या का?' मी म्हणालो, 'मला माहीत नाही, सर.' त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. मामांचं नाव लिहिताना तिथं कुणाचा हात अडला नाही. माझं आडनाव लिहायची वेळ आली असती तर दहा वेळा अडला असता, हे तुला मी सांगायला नको. मला तेव्हाही कळत होतं. माझं बी.पी.एड. व्हायचं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

एक गोष्ट लिहू का नको करत होतो. लिहितो. स्टँडवरून परत येताना मला मामांचा राग आला. कुणी सांगितलं होतं त्यांना मला वाचवायला? मारायचं होतं, समितीपुढं ओढत न्यायचं होतं. मला अकरा वर्षं चांगला माणूस म्हणून फिरू दिलं. हा राग खोटा आहे हे मला कळतं, पण आला.

आणि शरणम्मानं शेवटी जे सांगितलं, ते तुझं आहे, ते तुला मिळालं पाहिजे. तिनं मामांना एकदा विचारलं होतं, 'बाकीच्यांचं जाऊ दे, लेकीला तर सांग.' मामा म्हणाले, 'लेकीला सांगितलं तर ती गप बसणार न्हाई, अक्का. माझी लेक हाय ती. दुसऱ्या दिवशी त्या पोराला घेऊन समितीपुढं उभी राहील.'

तुझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही. मला अजून तिच्यापुढं तोंड उघडता आलेलं नाही. तिनं आत्ताच विचारलं, 'काय लिहून राहिलास एवढं?' मी म्हणालो, ताईला बोलावणं.

सत्यम


चाकूर
१४ मार्च २०२५

ताई,

काल तुझा मेसेज आला. अकरा वर्षांत पहिला शब्द, आणि तो नर्सचा.

'दोन गोळ्यांनी वजन उतरतं. बावीस वर्षांचा धडधाकट पोरगा मरत नाही. वजन झाल्यावर तो पाणी का प्यायला नाही?'

समितीत सहा जण होते, त्यात एक डॉक्टर. त्यांच्यातल्या एकानंही हे विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं मी तुला सगळं लिहिलंय. कागद भरले होते, रडलो होतो, हलकं वाटत होतं. आणि तू बरोबर तिथंच बोट ठेवलंस जिथं मी झाकून ठेवलं होतं.

नंबर आता माझ्याकडं आलाय, पण फोन लावायचं धाडस होत नाही. कागदच बरा. आज धुळवड, शाळेला सुट्टी. पोरं रंग घेऊन दारात आली होती, मी आजारी आहे म्हणून परत पाठवलं.

पाणी मी पिऊ दिलं नाही.

वजन नऊला झालं. मामांनी घागरभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलं होतं, वजन झालं की प्रत्येकानं दोन ग्लास प्यायचं, ही त्यांची रीत. हरिओमनं ग्लास तोंडाला लावला होता. मी काढून घेतला. उपांत्य फेरीच्या आधी परत वजन करतात, अशी हवा उठली होती. खरी का खोटी, मी कुणाला विचारलंही नाही. म्हणालो, 'गुळणी कर आणि थुंक. संध्याकाळी पी पाहिजे तेवढं.' त्यानं गुळणी केली. थुंकताना थोडं गिळलं, ते मला दिसलं, तर मी त्याला शिवी दिली. मामांनी लांबून विचारलं, 'पिला का रे सगळ्यांनी?' मी म्हणालो, 'पिला मामा, दोन-दोन ग्लास.' हरिओम माझ्याकडं बघून गप्प राहिला. कॅप्टन होतो मी त्याचा.

पहिला सामना जिंकलो. त्यात त्यानं एका चढाईत तिघं मारले. दुसऱ्या सामन्याच्या आधी त्याचे ओठ पांढरे झाले होते, जीभ टाळूला चिकटत होती, बोलताना चट् चट् आवाज यायचा. ऊन कसं होतं तुला माहीत आहे, तूही नांदेडचा ऑक्टोबर बघतेस. मला म्हणाला, 'कॅप्टन, एक घोट.' मी म्हणालो, 'हा सामना होऊ दे.'

परत वजन झालंच नाही. तसा नियमच नव्हता.

हे शरणम्माला माहीत नाही. हरिओमनं आईला गोळ्यांचं सांगितलं, पाण्याचं नाही सांगितलं. का नाही सांगितलं ते मला कळत नाही आणि कळायचा रस्ताही उरला नाही. गोळ्या त्यानं मागितल्या होत्या, त्यात तो अर्धा भागीदार होता असं म्हणता येतं. पाणी मात्र नुसतं माझं आहे.

मामांना कळलं होतं का? मी समजत होतो, नाही. पण चाकूरला आल्यापासून त्यांनी एक नवीन गोष्ट काढली होती. सामन्याआधी एकेका पोराला तांब्या द्यायचे, 'माझ्यासमोर पी,' आणि पिऊन झाल्यावर तांब्या उलटा करून दाखवायला लावायचे. आमची पोरं हसायची. आता तालुक्यातल्या सगळ्या शाळा तसंच करतात, मामा गेल्यावरही करतील. आणि वजन महिनाभर आधी घ्यायचे. जास्त भरलं की त्या पोराला वरच्या गटात खेळायला लावायचे, हरला तर हरू दे म्हणायचे. मला वाटायचं म्हाताऱ्याची सवय आहे. ते सगळं करताना ते माझ्याकडं कधी बघायचे नाहीत, हे मला आज आठवलं.

रविवारी मी सगळ्यांसमोर उभा राहून बोलणार आहे. पाण्यासकट. मार पडला तर पडू दे, नोकरी गेली तर जाऊ दे. घरी वडलांना सांगितलं. शेषेराव म्हणजे कसा माणूस, तुला माहीत नाही, आवाज चढवल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. ते उठून शेताकडं निघून गेले.

तू ये असं म्हणायचा मला आता अधिकार नाही. पण आलीस तर तुझ्या देखत बोलेन.

सत्यम


लातूर
१७ मार्च २०२५

ताई,

तू आली नाहीस. आली असतीस तर तुझा विश्वास बसला नसता, माझा अजून बसत नाही.

दारापुढं मांडव घातला होता. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग एकेक जण बोलायला उठला. मामांनी माझा खांदा असा बसवला, माझा गुडघा तसा वाचवला. अडीचशे-तीनशे माणूस असेल. शरणम्मा पुढं बायांत बसली होती. मी उठलो आणि सगळं बोललो. पुडी, दोन गोळ्या, रांगेतलं खोटं, ग्लास काढून घेतला ते, एक घोट मागितला ते. हरिओमची आई समोर असताना बोललो. तिनं पाण्याचं ऐकलं तेव्हा डोळे मिटून घेतले, एवढं मला दिसलं. मला वाटलं, आता कुणीतरी उठतंय.

उठले ते अण्णाराव सर. चौकशी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, आता रिटायर झालेत. कॉलेजच्या बाजूचे तेवढे एकटेच आले होते. त्यांनी माइक घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, 'गुरूवरचा डाग पुसायला स्वतःची कारकीर्द पणाला लावणारा शिष्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.'

टाळ्या पडल्या, ताई. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी म्हणालो, 'सर, मी खरं सांगतोय. मी मारला त्याला.' टाळ्या वाढल्या. एक पेपरवाला फोटो काढत होता. तेवढ्यात शरणम्मा उठली आणि म्हणाली, 'तो खरं बोलून राहिलाय. माझ्या लेकरानं मला सांगितलं होतं.' तर बाया रडायला लागल्या. मागून कुणी म्हणालं, बघा आईचं काळीज, खुन्यालाही माफ करून बसली. खुनी म्हणजे मामा. त्यांच्याच मांडवात, त्यांच्या फोटोपुढं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. दोघांनी धरून मला खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं.

मी मार खायची तयारी करून गेलो होतो. पोलिसांची केली होती. याची तयारी मी केली नव्हती. आज सकाळी कॉलेजात जाऊन लेखी दिलं. क्लार्कनं शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, 'सर, तुमच्या भावना कळतात, पण ती फाइल बंद झाली. आता कशाला उकरता?' चहा पण मागवला माझ्यासाठी. त्यांनी एकदा लिहिलं ते लिहिलं. मामांचं नाव तिथून निघत नाही आणि माझं तिथं बसत नाही. मी आणखी वर जाणार आहे, वकिलाला विचारलंय. पण निघेल का, मला आता शंका आहे.

सगळ्या मांडवात एकाच माणसानं टाळी वाजवली नाही आणि डोळ्याला पदर लावला नाही. तुझ्या आईनं. लोक पांगल्यावर तिनं मला आत बोलावलं.

'पाणी पण तूच थांबवलंस?'

'हो, मावशी.'

'ह्यांना ठाऊक होतं?'

'गोळ्यांचं होतं.'

तिनं फोटोकडं बघितलं. 'मला न्हाई सांगितलं,' म्हणाली. मग माझ्याकडं वळली. 'अकरा वर्षं मी लेकीला शिव्या घातल्या. बापाला समजून घेत न्हाई म्हणून. आणि त्याच तोंडानं तुला म्हणले, सत्यम, बस बाबा, चार घास खाऊन जा.'

मी तिचे पाय धरायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उभा राहिलो असतो. मी तिथंच खाली बसलो.

मग म्हणाली, 'लुंबिनीचा पत्ता लिहून दे. तिनं कशाला यावं हितं? मी जाते.' मी म्हणालो, मावशी, मी गाडीवर नेतो, नाहीतर एसटीत बसवून सोबत येतो. 'तू नगं,' म्हणाली. 'तू लिव्ह. आज बोललास ते सगळं लिव्ह, मी नेते. ती वाचल, मी तिच्याजवळ बसून राहीन.'

म्हणून हे पत्र पोस्टानं नाही. आई दुपारच्या नांदेड गाडीनं निघतेय, तिच्या पिशवीत आहे. तिला गुडघ्याचा त्रास आहे, स्टँडवर घ्यायला ये असा मेसेज तुला केलाय. ती तुझ्याकडं किती दिवस राहणार ते तिनं सांगितलं नाही. कपडे मात्र सगळे भरलेत.

निघायच्या आधी तिनं हे वाचून दाखवायला लावलं. तिनं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी तुझी माफी मागितली होती, तीन ओळी होत्या. तिथं म्हणाली, 'हे खोड.' मी विचारलं, का. म्हणाली, 'आमचं सगळं घेऊन झालं तुझं. आता तिच्यापाशी आणि काय मागू नगंस.'

खोडलं. खाली काळं दिसतंय ते तेच आहे.

सत्यम